परमुलखातून बोलताना

मी इंग्लंडात राहावयास आलो तो १९८३ च्या पावसाळ्यानंतर, आणि त्यापुढच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९८७ च्या जून महिन्यात, खिशात भारताचा पासपोर्ट असताना मी येथील पार्लमेंटच्या उमेदवाराला मत दिले. कारण राष्ट्रकुलातील कोणत्याही देशाचा नागरिक येथे रीतसर परवान्याने राहत असला तर त्याला मताधिकार द्यावा, असा या देशाचा जुना शिरस्ता आहे. उलट ज्या मुलखात माझा जन्म झाला, ज्याच्या भाषेत मी अजूनही पाढे म्हणतो आणि आजारपणात कण्हतो, तेथील मतदार यादीत मला पुढची पंचवीसहून अधिक वर्षे जागा नव्हती. २०१० साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना तो हक्क मिळाला खरा, पण मतदानाच्या दिवशी आपल्या गावच्या केंद्रावर जातीने हजर राहावे, या अटीवर. ही अट जाचक आहे, विमानाचे भाडे भरून एक मत टाकावयास कोण येणार, अशी तक्रार परदेशस्थ मंडळी नेहमी करतात, आणि मीही ती अनेक बैठकांत हिरिरीने केलेली आहे. अलीकडे मात्र माझे मन त्या तक्रारीतून निघाले आहे. जातीने हजर राहा, हे सांगणारा कायदा आपल्याकडून विमानभाड्याहून काही निराळे मागत असतो. आणि राष्ट्रीय राजकारणातील शील व सभ्यता यांविषयी परदेशातून चार शब्द बोलू पाहणाऱ्या माणसाने आधी त्या मागणीचा विचार करणे प्राप्त आहे, असे माझे मत झाले आहे.

दूर गेल्याने दृष्टी स्वच्छ होते, असा एक समज आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. दोन देशांच्या राज्यकारभाराची रीत ज्याने प्रत्यक्ष पाहिली त्याला एकीतील उणीव दुसरीच्या उजेडात दिसते, आणि जे घरच्यांना सवयीने स्वाभाविक वाटू लागलेले असते ते त्याला खटकते. परंतु दृष्टी स्वच्छ होणे आणि बोलण्याचा अधिकार प्राप्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'जबाबदार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि रोजच्या वापराने तो इतका गुळगुळीत झाला की त्याचा मूळचा अर्थ आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. जबाब देण्यास जो बांधलेला आहे तो जबाबदार. गावात राहणारा माणूस गावाच्या सरपंचाविषयी वावगे बोलला तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, बाजारात, नाहीतर देवळाच्या पायरीवर त्याला कोणीतरी हटकतो, आणि 'हे तू कशाच्या आधारावर बोललास' या प्रश्नाला त्याला काही ना काही उत्तर द्यावे लागते. परदेशस्थाला कोण हटकणार? तो बोलतो आणि त्याच्या बोलण्याचे पडसाद चार-पाच हजार मैलांवर, दुसऱ्यांच्या अंगणात उमटतात. म्हणूनच ज्या सभ्यतेची अपेक्षा आपण राजकारणात वावरणाऱ्या पुढाऱ्यांकडून करतो, तिचे बंधन परदेशस्थाने स्वतःवर अधिक कठोरपणे घालून घेतले पाहिजे, हे मला सांगावयाचे आहे. आणि सभ्यता म्हणजे गोड बोलणे नव्हे, तर आपल्या बोलण्याचा जबाब देण्याची तयारी, या अर्थाने मी तो शब्द येथे वापरतो.

या विषयाचा विचार करताना माझे मन पुनःपुन्हा एकाच प्रसंगाकडे जाते, आणि तो प्रसंग घडला तेव्हा त्यातील नायकाचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस आले होते. फडणवीशीचे आणि लष्करी खर्चाचे आकडे ज्याच्या जिभेवर नाचतात असा हा तरुण प्राध्यापक आयोगाच्या मुरब्बी सभासदांच्या उलटतपासणीला पुरून उरला, आणि त्याचे तेथील काम खरे म्हणजे तेथेच संपले होते. पण त्याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने घरझडतीसाठी गोरे सोजीर नेमले होते. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, बायकामाणसांची तपासणी उघड्यावर होई, घरातील चीजवस्तू जाळली जाई, आणि माणसे उचलून छावणीत नेली जात. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे गोखल्यांना येत होती. त्या पत्रांत एक अत्यंत भयंकर मजकूर होता : सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला. गोखल्यांनी पत्रलेखकांच्या सचोटीवर विश्वास ठेवून तो मजकूर 'मँचेस्टर गार्डियन' पत्राच्या प्रतिनिधीला सांगितला. त्याआधीच २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतत असताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडलेल्या होत्या, आणि त्या प्रक्षुब्ध हवेत मुंबई सरकारने गोखल्यांकडे पुरावा मागितला.

जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईच्या बंदरात उतरले. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना सरकारच्या रोषाच्या तोंडी देणे होते, आणि त्या विशिष्ट आरोपाला न्यायासनापुढे टिकेल असा पुरावा पुढे येईना. अशा वेळी राजकारणी माणसाला कितीतरी वाटा मोकळ्या असतात. माझ्या म्हणण्याचा विपर्यास झाला असे म्हणता येते. एकंदर जुलूम खराच होता, एखाद्या तपशिलाचे काय एवढे, असे म्हणता येते. किंवा काहीच न बोलता काळावर हवाला ठेवता येतो. गोखल्यांनी यांतील एकही वाट धरली नाही. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी वृत्तपत्रांतून बिनशर्त माफी प्रसिद्ध केली, आणि ती गव्हर्नरांचीच नव्हे, तर प्लेग कमिटीची आणि ज्या सोजिरांवर आरोप केला होता त्यांचीही मागितली. पत्रलेखकांची नावे त्यांनी अखेरपर्यंत सांगितली नाहीत. दोष सगळा आपल्या अंगावर घेतला.

या माफीनाम्याबद्दल महाराष्ट्रात गोखल्यांची जी निर्भर्त्सना झाली ती सर्वश्रुत आहे. ज्या काळी टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची सक्तमजुरी भोगावयास तुरुंगात गेले, त्याच काळी दुसरा एक मराठी पुढारी सरकारची माफी मागतो, हे दृश्य स्वाभिमानी मनाला झोंबणारेच होते, आणि मी स्वतः लहानपणी वाईत ज्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ही हकीकत ऐकली त्यांच्या स्वरातही तिरस्काराची छटा होती. माझे आजोबा 'माफीवाले गोखले' असाच उल्लेख करीत. त्यांचा आणि माझा मतभेद आता मिटण्यासारखा नाही. पण परदेशात चाळीस वर्षे काढल्यावर मला या प्रसंगाचा जो अर्थ दिसतो तो त्यांना दिसणे शक्य नव्हते. गोखल्यांची चूक ही नेमकी परदेशस्थाची चूक होती. घरून पत्र आले, मन पेटले, सांगणारा विश्वासातला होता, पडताळून पाहण्याचे साधन जवळ नव्हते, आणि ऐकावयास समोर एक मोठा श्रोतृसमाज होता. त्या चुकीचे परिमार्जनही त्यांनी परदेशस्थाने करावे तसेच केले : ज्या भूमीविषयी बोललो तिच्यावर पाय ठेवला, आणि तेथे जबाब दिला. पुढच्याच वर्षी प्लेग पुन्हा उसळला तेव्हा हाच मनुष्य स्वयंसेवकांची तुकडी घेऊन पुण्याच्या गल्ल्यांतून रोग्यांची शुश्रूषा करीत हिंडला. शब्दाने केलेली चूक शब्दाने कबूल करून तो घरी बसला नाही, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी फारशी सांगितलेली नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो इतका बळकट आहे की त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सभ्यतेची महती सुखवस्तू लोक गातात. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याने मृदू भाषेत विनंती करावी अशी अपेक्षा पाय ठेवणारानेच करावी, हा केवढा अन्याय! जोतीराव फुल्यांची भाषा त्या काळच्या प्रतिष्ठितांना असभ्य वाटत होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जो जमाखर्च ग्रंथरूपाने मांडला त्यात मृदुपणा औषधालाही नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि मान्य असूनही तो माझ्या म्हणण्याला बाधक वाटत नाही. बाबासाहेबांचा तो ग्रंथ उघडून पाहावा : आरोपागणिक दाखला आहे, तारीख आहे, ठरावाचा मजकूर आहे, खर्चाचा आकडा आहे. ज्याला उत्तर द्यावयाचे असेल त्याला तेथे उत्तर देण्यासाठी जागा ठेवलेली आहे. कठोर शब्द आणि असभ्य शब्द यांत हाच भेद आहे असे मी मानतो. कठोर बोलणारा प्रतिपक्षाला जबाब मागतो आणि स्वतः जबाब देण्यास उभा राहतो, तर असभ्य बोलणाराला जबाबाशी कर्तव्यच नसते. त्याला समोरच्याचे तोंड बंद झालेले हवे असते. १९५१ च्या ऑक्टोबरात मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांना सभागृहात निवेदन करावयाचे होते. निवेदनाची प्रत आधी दाखवा असे उपसभापतींनी सुचविताच ते उठून बाहेर आले आणि तेच निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हवाली केले. संताप होता, पण तो लिखित होता, मुद्देसूद होता, आणि खाली सही होती.

मृदू भाषेने माणसाचे शील सिद्ध होत नाही, याचा पुरावा हवा असेल तर ज्या देशात मी राहतो त्याच्याकडे पाहावे. वेस्टमिन्स्टरच्या ज्या सभागृहात आज हाऊस ऑफ कॉमन्स बसते ते १९४१ च्या मे महिन्यातील बाँबवर्षावात जळून गेल्यावर नव्याने बांधलेले, आणि १९५० साली उघडलेले आहे. त्याची पुनर्बांधणी होत असताना राष्ट्रकुलातील देशांनी एकेक वस्तू भेट दिली. आत शिरावयाचे दरवाजे भारत आणि पाकिस्तान यांनी दिले. मी पहिल्या वेळी प्रेक्षागृहातून ते पाहिले तेव्हा माझ्या मनात कालवाकालव झाली, कारण ज्या सभागृहाने आमच्या मुलखाचे दीडशे-दोनशे वर्षे भवितव्य ठरविले आणि ज्यात १८९२ साली दादाभाई नवरोजी अवघ्या पाच मतांच्या आधिक्याने निवडून येऊन बसले, त्या सभागृहाचे दार आता आमच्याकडून आलेले होते. दादाभाईंविषयी या देशाचा पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी याने १८८८ साली 'काळा माणूस' असे जाहीर सभेत म्हटले होते. ज्यांच्या परस्परसंबोधनात 'माननीय' हा शब्द कधी चुकला नाही त्यांच्याच राज्यात रँडची नेमणूक झाली होती. आपसात अदब आणि परक्यांशी मग्रुरी, अशी ही दुहेरी वागणूक मी विसरू शकत नाही, आणि कोणी मराठी वाचकाने ती विसरून इंग्रजांच्या संसदीय शिष्टाचाराची आरती ओवाळावी असे मला वाटत नाही.

आणि त्या शिष्टाचाराची परीक्षा अलीकडेच पाहावयास मिळाली. या सभागृहाचा नियम असा की एका सभासदाने दुसऱ्याला खोटे बोलणारा म्हणावयाचे नाही, कारण येथे बसलेला प्रत्येक जण सत्यवचनी आहे असे सभागृह गृहीत धरते. २०२१ च्या जुलैत डॉन बटलर या सभासद बाईंनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन हे सभागृहाशी आणि देशाशी वारंवार खोटे बोलले असे म्हटले आणि शब्द मागे घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जावे लागले. जिने म्हटले ती बाहेर, ज्याच्याविषयी म्हटले तो आत! माझ्या इंग्रज शेजाऱ्याने, जो स्वतः जॉन्सन यांच्याच पक्षाचा मतदार होता, त्या सायंकाळी कुंपणापलीकडून मला विचारले की, तुमच्याकडे अशा वेळी काय करतात. आणि मला उत्तर सुचले नाही. सभ्यतेचा नियम असत्याचे कवच झाला तर तो नियम टाकून द्यावा असे क्षणभर मलाही वाटले. पण तो नियम टाकून देण्याची गरज पडली नाही, कारण त्याच सभागृहाजवळ दुसरे एक साधन होते : विशेषाधिकार समिती, जिच्यात खुद्द पंतप्रधानांच्या पक्षाच्या सभासदांचे बहुमत होते. त्या समितीने कागदपत्र मागविले, साक्षी घेतल्या, जॉन्सन यांची समोरासमोर उलटतपासणी केली, आणि २०२३ च्या जूनमध्ये निर्णय दिला की त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी मान्य झाला. शिष्टाचार आणि सत्यशोधन ही दोन चाके एका आसाने जोडलेली असावी लागतात. नुसत्या शिष्टाचाराच्या चाकावर गाडी चालत नाही, ती फक्त गोल फिरते.

या देशातील एक रिवाज मात्र मला निर्मळपणे आवडतो, आणि तो मी जवळून पाहिलेला आहे. मतमोजणीच्या रात्री, दोन-तीन वाजता, क्रीडागृहासारख्या एखाद्या मोठ्या दालनात सगळे उमेदवार, विजयी आणि पराभूत, एका रांगेत उभे राहतात आणि निर्वाचन अधिकारी आद्याक्षरांच्या क्रमाने प्रत्येकाची मते वाचून दाखवतो. पंतप्रधान असला तरी त्याला त्याच रांगेत, दोन-तीनशे मते मिळविलेल्या अपक्षाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते. मी एकदा एका पक्षाच्या वतीने मोजणीच्या टेबलाशी निरीक्षक म्हणून होतो. आमचा उमेदवार पडला, आणि त्याने प्रथम मोजणी करणाऱ्या कारकुनांचे, मग पोलिसांचे आणि मग प्रतिस्पर्ध्याचे आभार मानले तेव्हा त्याचा आवाज कापत होता, हे मी तीन हातांवरून ऐकले. २०२४ च्या जुलैत पंतप्रधान ऋषी सुनक यांचा पक्ष दारुण पराभूत झाला. पंतप्रधानाच्या घरासमोर पावसाळी हवेत उभे राहून त्यांनी जनतेची माफी मागितली आणि ज्यांनी त्यांना हरविले ते स्टार्मर हे सज्जन आणि लोकहितदक्ष गृहस्थ आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे, असे सांगितले. आणि त्याच ठिकाणी काही तासांनी स्टार्मर यांनी, ब्रिटनचा पहिला आशियाई वंशाचा पंतप्रधान होण्यासाठी किती कष्ट लागले असतील ते कोणी कमी लेखू नये, असे म्हटले. यात राजकीय मतभेद तसूभरही कमी झाला नाही. पण हरणाराच्या अनुयायांना त्या दिवशी घरी जाऊन शांतपणे झोपता आले, आणि लोकशाहीत ही काही लहान गोष्ट नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत माझ्या व्हॉट्सॲपवर एका पुढाऱ्याच्या भाषणाचा तुकडा आला. त्यात तो शेतकऱ्यांविषयी अत्यंत तुच्छतेने बोलताना दिसत होता. माझे रक्त तापले. मी तो तुकडा, वर दोन जळजळीत ओळी लिहून, आमच्या कुटुंबाच्या गटावर टाकला. त्या गटात माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, होते. आणि दाजींनी त्या पुढाऱ्याच्या पक्षाचे काम वाई तालुक्यात तीस वर्षे केलेले होते, सतरंज्या उचलण्यापासून मतदारांच्या याद्या तपासण्यापर्यंत. अर्ध्या तासाच्या आतच माझ्या पुतण्याने संपूर्ण भाषण पाठविले. पुढारी ती तुच्छतेची वाक्ये प्रतिपक्षाच्या तोंडची म्हणून सांगत होता. मागचे-पुढचे कापून ती त्याच्याच माथी मारलेली होती.

मी काय केले? मी माझा संदेश पुसून टाकला. एक शब्दही न लिहिता. गोखल्यांचा माफीनामा मला पाठ होता, त्यावर मी येथील मंडळींपुढे भाषण दिलेले होते, आणि तरीही माझ्या हातून हे झाले. संदेश पुसला की यंत्र त्या ठिकाणी 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी एक ओळ ठेवते. ती ओळ माफी नव्हे, तो नुसता फरार झाल्याचा पंचनामा आहे. दाजी गटातून बाहेर पडले. पुढे अक्का फोनवर बोले तेव्हा मागून त्यांचा आवाज पूर्वी येत असे, तो येईनासा झाला. मी लंडनमध्ये माझ्या कामावर जात होतो, संध्याकाळी फिरावयास जात होतो. त्या दोन ओळींची किंमत वाईच्या एका घरात, रोजच्या जेवणाच्या ताटावर, माझी बहीण मोजत होती.

हे एकट्या माझे नाही, म्हणून येथे लिहिले. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लेस्टर शहरात, जेथे आमचे गुजराती आणि इतर भारतीय बांधव पन्नास वर्षे मुसलमान शेजाऱ्यांसह गुण्यागोविंदाने राहिले, तेथे भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या निमित्ताने तरुणांचे जमाव एकमेकांवर चालून गेले. एका मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाल्याची अफवा पसरली, आणि तसे काही घडलेच नाही असे पोलिसांना जाहीर करावे लागले. मायदेशातील वितुष्ट परदेशात नेऊन तेथे ते पोसावे, आणि परदेशात बसून मायदेशातील वितुष्टाला वारा घालावा, असा हा दुतर्फा व्यापार आहे. घरापासून दूर असल्याची जी हुरहूर असते ती कशाने तरी भागवावी लागते, आणि स्वदेशाविषयीचा संताप हा तिला फार स्वस्तात भागवतो. देशाशी आपले नाते अजून जिवंत आहे याची खूण म्हणून माणूस संताप जवळ बाळगतो. त्या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. ती हुरहूर मला ठाऊक आहे.

मायदेशाच्या संसदेविषयी आता थोडे, आणि ते मला भीतभीतच लिहावेसे वाटते. पूर्वी सर्व काही सात्त्विक होते असे मी म्हणणार नाही. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जो जोडा भिरकावला गेला तो मराठी बनावटीचा, लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला होता, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्या इंग्रज पत्रकाराने नोंदवून ठेवले आहे. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फेरोजशहा मेहतांवर आदळला. आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना पुण्याच्याच रस्त्यांवरून काढली गेली. पण त्याच पुण्यात, १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले तेव्हा टिळक सिंहगडाहून खाली उतरले आणि ज्याच्याशी पंचवीस वर्षे वाद घातला त्याच्या चितेपाशी उभे राहून, हा हिंदुस्थानचा हिरा होता, याचे अनुकरण करा, असे तरुणांना सांगते झाले. वैर आणि आदर एकाच छातीत राहू शकतात, हे त्या पिढीला साधले होते.

स्वातंत्र्यानंतरही ते काही काळ साधले. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ च्या जुलैत मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून, मंत्रिमंडळाला डावलून निर्णय घेतला गेला, मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे आरोप खुद्द नेहरूंवर केले. नेहरूंनी त्यांना तेथेच उत्तर दिले. आणि इतके झाल्यावर तेच देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून पुढची काही वर्षे त्याच सरकारबरोबर काम करीत राहिले. मंत्रिपद गेले, मत राहिले, काम राहिले. १९९४ साली जिनिव्हा येथे काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडण्यासाठी जे शिष्टमंडळ गेले त्याचे नेतृत्व पंतप्रधान नरसिंहरावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयी यांच्याकडे दिले. नरसिंहराव रामटेकहून दोनदा लोकसभेवर निवडून आलेले, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीतील अनेक गोष्टींवर मी कठोर टीका करीन, पण प्रतिपक्षाच्या देशनिष्ठेवर इतका उघड विश्वास ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे मी विसरणार नाही.

२०२३ च्या डिसेंबरातील अधिवेशनात १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, आणि बाके रिकामी असताना, देशातील प्रत्येक माणसाच्या अटकेला, जामिनाला आणि शिक्षेला लागू होणारे तीन फौजदारी कायदे संमत झाले. सभागृहाच्या सुरक्षेचा भंग झाला होता, गृहमंत्र्यांनी निवेदन करावे अशी विरोधकांची मागणी होती. ते फलक घेऊन सभापतींच्या आसनासमोर उतरले, आणि त्यांना बाहेर काढले गेले. बेशिस्त झाली, हे खरे. पण मागितला होता तो जबाब, आणि जबाब न मिळता मागणारेच नाहीसे झाले, हे मला बेशिस्तीहून भयंकर वाटते. ज्याला पुढे विरोधी बाकावर बसावे लागेल त्या पक्षालाही हा पायंडा एक दिवस भोवेल. घटना समितीपुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल. राबविणारे म्हणजे केवळ मंत्री नव्हेत. मतदारही त्यात येतात, आणि दुरून मत ठोकणारा माझ्यासारखाही येतो.

२०२४ च्या जानेवारीत मी वाईला गेलो. दाजी ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. मी चपला काढल्या, पुढे झालो आणि म्हणालो, "दाजी, पाच वर्षांमागे मी जे भाषण गटावर टाकले ते खोटे होते. खोटे आहे हे मला अर्ध्या तासात कळले, आणि ते पुसून मी गप्प बसलो. माझे चुकले." अक्का दारात येऊन उभी राहिली होती. दाजींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि बराच वेळ गेल्यावर विचारले, "पासपोर्टावर पत्ता कुठला आहे तुझा?" मी वाईचाच म्हणालो. ते उठले, फडताळातून कागदांचे पुडके काढले आणि परदेशी राहणाऱ्या मतदारांसाठी असलेला नमुना ६-अ शोधून, चष्मा नीट करून, माझे नाव लिहू लागले. "मत तू आमच्या विरोधातच टाकणार," खाली मान घालूनच ते म्हणाले. "टाक. पण येऊन टाक."

७ मे रोजी मी गेलो. मतदान केंद्राच्या शाळेपासून कायद्याने ठरलेल्या अंतरावर दोन्ही पक्षांचे मांडव होते, आणि ऊन रखरखीत होते. दाजी त्यांच्या मांडवात टेबलाशी बसले होते. त्यांनी यादी उघडली, पाने उलटीत अगदी शेवटच्या, परदेशस्थांच्या भागाशी आले, तेथे बोट ठेवले, आणि ज्यावर पक्षाचे नाव वा चिन्ह छापावयाचे नसते अशा कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीवर माझा अनुक्रमांक ठळक अक्षरांत लिहून ती माझ्या हातात दिली.